आयत्या वेळचे विषय

१ मेला गावाला गेलो होतो. गाव वेल्ह्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडं गाऱ्हाणं आहे आणि तिथे सगळे आपलेच आहेत. चेलाडी फाटा, नसरापूर, मार्गासनी आणि मग वेल्हे. जुलैत याच रस्त्यावर दर वळणाला फोटो काढायला थांबावं लागतं. मे महिन्यात सगळं करपलेलं असतं आणि हंडे घेतलेल्या बायका दिसतात. (तालुक्याचं नाव 'राजगड' करायचं २०२४ मध्ये ठरलं, पण आमच्या घरात अजून वेल्हेच म्हणतात.)

सुट्टी होती, चुलतभाऊ म्हणाला, "चल, ग्रामसभा आहे, बघ तरी." मी आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेला बसलो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या, टेबलावर ग्रामसेवक भाऊसाहेब, हातात विषयपत्रिका. एकूण अकरा विषय. पहिला नेहमीचा, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग घरकुलाची यादी, मग देवळाचा सभामंडप, मग गावाच्या वेशीवरची स्वागत कमान. नववा विषय होता वरच्या धनगरवस्तीला पाण्याची सोय करणे. अकरावा अर्थातच 'आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने'.

कमानीवर सव्वा तास चर्चा झाली. खरंच. कमान फाट्यावर की ओढ्याच्या अलीकडे, नाव कोणाचं, मुंबईकर मंडळ किती देणार वगैरे वगैरे. दीड वाजला आणि लोक जेवायला उठायला लागले. वस्तीवरून चार बायका आल्या होत्या, दोन तास उन्हातून उतरून. त्यातल्या एक आजी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमचा नंबर लागंस्तवर जेवनाची येळ व्हती बाबा. दर बारीला आसंच."

आठव्या विषयाला कोणीतरी कोरम नसल्याचं बोललं. सभा तहकूब. पाण्याला कोणी 'नाही' म्हटलं का? अजिबात नाही. विचारलं असतं तर सगळ्यांनी हात वर केले असते. पण विचारलंच गेलं नाही.

मी भाऊसाहेबांना नंतर विचारलं की हा क्रम कोण ठरवतं? ते प्रामाणिकपणे म्हणाले, "कोण ठरवतंय! मागच्या सभेची प्रत काढतो आणि नवे विषय खाली जोडतो."

पुण्याला परत येताना डोक्यात हेच होतं. आमच्या ऑफिसात दर सोमवारी बगची यादी घेऊन बसतात. एखादा बग 'दुरुस्त करणार नाही' असा बंद करायचा असेल तर कारण लिहावं लागतं, कोणी बंद केला त्याचं नाव राहतं, कस्टमर विचारतो. म्हणून शहाणा मॅनेजर तसं कधीच करत नाही. तो म्हणतो, "पुढच्या रिलीजला घेऊ." पुढचा रिलीज आला की पुन्हा तेच. माझ्या माहितीत असे बग आहेत की जे मी नोकरीला लागायच्या आधीपासून 'पुढच्या रिलीज'मध्ये आहेत :-)

तर प्रश्न असा पडला की जिथे कायदे होतात, त्या मोठ्या सभागृहात हे कसं चालतं? थोडं वाचायला घेतलं आणि थेट आमच्या डोंगराच्या खालीच येऊन पोचलो. कसं ते सांगतो.

आधी थोडा भूगोल आणि थोडं घरचं. भोर आणि वेल्हे हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता. राजे पंतसचिव, म्हणजे शिवकालीन अष्टप्रधानांतल्या सचिवपदाचा वारसा सांगणारं घराणं. माझे पणजोबा 'पंतांची रयत'. इंग्रजी मुलखातल्या लोकांना १९३७ साली मुंबई विधानसभेसाठी मत देता आलं, तेसुद्धा सगळ्यांना नाही. शेतसारा, शिक्षण अशा अटी होत्या. पण संस्थानातल्या माणसाला तेही नाही. भोरपासून पुण्याचा कौन्सिल हॉल पन्नास-पंचावन्न किलोमीटर. त्या काळी विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन तिथे, पुण्यात भरायचं. पणजोबांच्या दृष्टीने ते दुसऱ्या देशातलं सभागृह होतं. म्हणजे बघा, काही लोकांचा विषय यादीत शेवटी असतो, आणि काही लोक यादीतच नसतात.

आता मढे घाट. वेल्ह्यावरून केळदच्या पुढे गेलं की कडा संपतो आणि खाली कोकण दिसतं. पावसाळ्यात पुण्यातले सगळे धबधबा बघायला जातात तोच. खाली दिसतो तो महाड तालुका, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. वर पंतांचं राज्य, खाली इंग्रजांचं. आणि त्या खालच्या मुलखात खोती होती.

खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्या मधला माणूस. सरकारचा सारा तो भरणार आणि कुळाकडून पिकाचा वाटा तो घेणार. रत्नागिरी आणि कुलाबा हे जिल्हे आणि ठाण्याचा काही भाग या पद्धतीखाली होता. कसणाऱ्याच्या पिढ्या त्याच जमिनीवर गेल्या तरी जमीन त्याची नाही. वाट्याबरोबर वेठबिगारही आली. याच्याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये संप केला. संप म्हणजे जमीन कसायचीच नाही. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं! आपल्याकडे सर्व्हर सहा तास बंद राहिला तर काय होतं ते आठवा, आणि मग सहा वर्षं शेत न पिकवणाऱ्या घरातल्या चुलीचा विचार करा.

या पार्श्वभूमीवर १९३७ च्या निवडणुका झाल्या. मुंबई विधानसभेच्या १७५ जागा. काँग्रेस सर्वात मोठा पक्ष, बाळ गंगाधर खेर पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्य मंत्र्यालाही पंतप्रधानच म्हणत). डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे चौदा-पंधरा आमदार. नारायण नागू पाटील त्यांच्यातलेच एक. अध्यक्षपदी गणेश वासुदेव मावळंकर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

१७ सप्टेंबर १९३७, पुण्याचं अधिवेशन. डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. विधेयक काही जगावेगळं नव्हतं. खोताला हक्क गेल्याबद्दल वाजवी भरपाई द्यायची आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमीन महसूल कायद्याखाली कब्जेदाराचा दर्जा द्यायचा. बस.

आणि मग? मग काहीच नाही. ते मांडलं गेलं आणि पुढे सरकलंच नाही. मी वाचताना मतदानाचे आकडे शोधत होतो, बाजूने किती, विरोधात किती. आकडे नाहीतच, कारण मतदानच नाही. विधेयक सरकारी नव्हतं, एका सभासदाचं होतं. सभागृहाचे बहुतेक दिवस सरकारी कामाचे, आणि अशा 'बिनसरकारी' कामाला उरलेला वेळ. त्या थोड्या वेळातही रांग.

वेळ नव्हता असं म्हणावं तर त्याच पुण्याच्या अधिवेशनात मंत्र्यांच्या पगाराच्या विधेयकावर चर्चा झाली. पुढच्या वर्षी, म्हणजे १९३८ मध्ये, सरकारला औद्योगिक कलहांचा कायदा हवा होता, त्यातून संपावर बंधनं येणार होती. डॉ. आंबेडकर आणि कामगार संघटना कडाडून विरोधात, ७ नोव्हेंबरला मुंबईत मोठा संप झाला. तरी विधेयक सप्टेंबरात आलं आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत सभागृहातून पार पडलं. म्हणजे सभागृहाला घाई करता येत होती. कशाची करायची, हा प्रश्न होता.

दरम्यान कोकणातल्या लोकांनी वाट बघून बघून जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. कोकणातून आणि इतर जिल्ह्यांतून आलेले हजारो शेतकरी होते. डॉ. आंबेडकरांबरोबर शामराव परुळेकर, इंदुलाल याज्ञिक अशी मंडळी. शिष्टमंडळ खेरांना भेटलं. मागण्यांत खोती नष्ट करणं अर्थातच होतं. मला हा मोर्चा म्हणजे यादीतला विषय वर सरकवण्याचा प्रयत्न वाटतो. सभागृहात हात वर करून जे जमत नव्हतं, ते रस्त्यावर चालून.

सरकारची बाजूही बघायला हवी, नाहीतर आपण नुसतेच शिव्या देणारे होऊ. खेर मंत्रिमंडळाला जेमतेम सव्वादोन वर्षं मिळाली. त्या काळात त्यांनी शेतकऱ्यांसाठी काहीच केलं नाही असं नाही. १९३९ मध्ये कूळकायदा झाला, शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदाही झाला. नोव्हेंबर १९३९ मध्ये, महायुद्धात हिंदुस्थानला न विचारता ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. गव्हर्नरची राजवट आली आणि सभागृहाला कुलूप लागलं. खोतीचं विधेयक रांगेतच राहिलं.

पण मला खरा धक्का याच्या पुढे बसला. खोती गेली ती 'मुंबई खोती निर्मूलन कायदा, १९४९' या कायद्याने. तो अमलात आला १५ मे १९५० ला. मुख्यमंत्री कोण? तेच बाळ गंगाधर खेर. खेर मूळचे रत्नागिरीचेच, त्यांना खोती काय असते हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणजे ज्यांच्या राज्यात विधेयक पडून राहिलं, त्यांच्याच राज्यात कायदा झाला. तत्त्वाला विरोध असता तर हे झालं नसतं. पडून राहायला विरोध लागतच नाही, 'नंतर' पुरतं. आणि या 'नंतर'ची लांबी साडेबारा वर्षं होती. सप्टेंबर १९३७ मध्ये जन्मलेलं कुळाचं पोर मे १९५० मध्ये बारा वर्षांचं होऊन खोताच्याच शेतात राबत असणार.

याच्या उलट एक उदाहरण देतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं. तेही बिनसरकारीच. मार्च १९१२ मध्ये त्याच्यावर दोन दिवस चर्चा झाली आणि ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. हरले. पण हरताना हिशोब राहिला. कोण काय बोललं, कोणी कुठे मत दिलं, सगळं छापील आहे. शंभर वर्षांनंतरही आपण त्या ३८ जणांना जाब विचारू शकतो. खोतीच्या विधेयकाबाबत जाब कोणाला विचारायचा? मतपत्रिकेवर नाव राहतं, रांगेवर कोणाचंच नाव नसतं.

आता मावळंकर. मूळ घराणं रत्नागिरीकडचं, पण आयुष्य अहमदाबादेत. १९३७ ला मुंबई विधानसभेचे अध्यक्ष, आणि १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष. लोकसभा सुरू झाल्यावर दोनच महिन्यांत, १४ जुलै १९५२ ला, तिथे पहिली कामकाज सल्लागार समिती नेमली गेली. अध्यक्ष स्वतः तिचे प्रमुख आणि निरनिराळ्या पक्षांचे लोक सभासद. काम एकच, कुठल्या विषयाला किती तास द्यायचे. समितीचा अहवाल सभागृहापुढे येतो आणि सभागृह तो मान्य करतं. वरकरणी किती कंटाळवाणं काम! पण त्याआधी हे सरकारी बाक आणि अध्यक्ष यांच्यातच ठरायचं. आता विरोधकही निदान त्या टेबलावर बसले. आपल्या विधानभवनातही अशीच समिती आहे. अधिवेशन किती आठवडे चालणार, यावर बातम्या येतात ना, त्या याच समितीच्या बैठकीनंतरच्या. लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, अंतिम आठवडा प्रस्ताव ही सगळी विरोधकांनी वेळ मिळवायची हत्यारं आहेत.

बिनसरकारी विधेयकांचं आज काय? लोकसभेत त्यांच्यासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास. कुठलं आधी ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. शुक्रवार दुपार! आमच्याकडे शुक्रवारी दुपारी कोणी कोडला हात लावत नाही, निम्मं ऑफिस स्वारगेटला बस पकडत असतं. खासदारही माणसंच, मतदारसंघात जायला निघतात. स्वातंत्र्यानंतर संसदेत मंजूर झालेली अशी विधेयकं एकूण १४, आणि शेवटचं १९७० मधलं. म्हणजे ही रांग जवळपास पन्नासहून जास्त वर्षं हललेलीच नाही.

आणि असं समजू नका की विधेयक सरकारी असलं की सुटलं. हिंदू कोड बिल तर खुद्द कायदामंत्र्यांचं, म्हणजे डॉ. आंबेडकरांचं. विरोध उघड होता आणि मोठा होता, हे खरं. पण तिथेही घाव घातला तो वेळेनेच. फेब्रुवारी १९५१ मध्ये काही दिवस चर्चा, मग बाजूला. सप्टेंबरात पुन्हा घेतलं, जेमतेम चार कलमं झाली आणि 'निवडणुका तोंडावर आहेत, वेळ नाही' म्हणून सोडून दिलं. डॉ. आंबेडकरांनी राजीनामा दिला. गंमत म्हणा किंवा दुर्दैव, राजीनाम्याचं निवेदन सभागृहात कधी करायचं आणि त्याची प्रत आधी द्यायची का, यावरूनही ऑक्टोबरात वाद झाला. पीठावर उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार होते. डॉ. आंबेडकर निवेदन न करताच बाहेर पडले आणि त्यांनी ते वर्तमानपत्रांना दिलं. पुढे १९५५-५६ मध्ये त्याच बिलाचे तुकडे चार वेगळ्या कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. पुन्हा तेच. 'नाही' नव्हतं, 'नंतर' होतं. मधल्या चार-पाच वर्षांत ज्या विधवेचा किंवा मुलीचा वाटा गेला, तिला ते 'नंतर' काय कामाचं?

असो. भोरचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि पंतांची रयत मुंबई राज्याची नागरिक झाली. १९५२ च्या निवडणुकीत पणजोबांनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. आजोबा तेव्हा शाळेत होते. ते सांगायचे की पणजोबा त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, सकाळीच जाऊन बसले होते, मतदान सुरू व्हायच्या कितीतरी आधी. नंबर पहिला लागावा म्हणून! तेव्हा हसायला यायचं. आता वाटतं, रांगेत पुढे असणं म्हणजे काय हे त्यांना बरोबर कळलं होतं.

यादीत नाव आलं, मत आलं, तरी यादीतला क्रम काही आपोआप मिळाला नाही. आज वेल्ह्याच्या डोंगरातलं पाणी पानशेतला अडतं आणि पुण्याला येतं. भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणपर्यंत जातं. मी बाणेरच्या फ्लॅटमध्ये नळ सोडतो तेव्हा कदाचित आमच्याच डोंगराचं पाणी येत असेल. आणि वरच्या वस्तीचा विषय नववा. यात कोणी दुष्ट माणूस नाही. मागच्या सभेची प्रत काढायची आणि नवं खाली जोडायचं, एवढ्यावर हे चालतं.

गाडीत चुलतभावाशी हेच बोललो. तो म्हणाला, "मग अर्ज करू की." नियम वाचले. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तहकूब सभेला कोरम लागत नाही. हे दोन्ही आम्हाला माहीत नव्हतं, वस्तीवरच्या बायकांनाही नाही. १५ ऑगस्टच्या सभेआधी त्यांनी महिलासभेत पाण्याचा ठराव करून घेतला, आणि आम्ही सरपंचांना साधा एका पानाचा अर्ज दिला: पाण्याचा विषय इतिवृत्तानंतर लगेच घ्यावा. खरं सांगतो, भांडण होईल असं वाटलं होतं. सरपंच ताई म्हणाल्या, "एवढंच ना?" आणि पेनाने नऊचा दोन केला.

सभेत त्या विषयावर वीस मिनिटं चर्चा झाली. सगळं गोड झालं नाही. एकाने खर्च काढला, एकाने ओढ्याच्या खालच्या आळीचं काय म्हणून विचारलं, एक जण चक्क विरोधात बोलला. आजी मान डोलवत ऐकत होत्या. शेवटी झऱ्याची पाहणी करून अंदाजपत्रक मागवायचा ठराव झाला, सूचक-अनुमोदकाच्या नावासकट. पाणी अजून आलेलं नाही. अंदाजपत्रक कुठल्या टेबलावर आहे ते मी दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारतो.

कमानीचा विषय त्या दिवशी आयत्या वेळच्या विषयांत गेला. जेवायची वेळ झाली होती, त्यामुळे तो पुढच्या सभेवर ढकलला.